लवकरच उत्तीर्ण होणारे

पिपलानी, भोपाळ
४ ऑक्टोबर १९८१

ती. सुलभामावशी,

मोठ्यांना पत्र लिहिताना वर काय लिहायचं ते आईला विचारलं, तर ती म्हणाली, "आधी वाकून नमस्कार कर, मग बाकीचं." तेव्हा वाकून नमस्कार. मी उदय. तुमच्या मावसबहिणीचा, इंदूचा, मुलगा. माझ्या मुंजीला तुम्ही आला होता, त्यानंतर आपली भेट नाही.

हे पत्र मी कालच लिहिणार होतो. मग आंतरदेशीय संपलेलं निघालं मग पोस्टात गेलो मग बाहेर एक ट्रकवाला भेटला मग त्याच्याबरोबर मंडीदीपला नवीन कारखान्यांच्या चिमण्या बघून आलो मग येताना मिसरोदला उतरून पेरू खाल्ले. मग संध्याकाळ झाली. म्हणून आज.

तर काम असं आहे. मी फ्रेंच शिकतोय. हसू नका. चार इमलीत एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यात त्यांच्या मिसेस, सरोजबाई, क्लास घेतात. साहेबांची पूर्वी पाँडिचेरीला पोस्टिंग होती. मार्चमध्ये परीक्षा आहे, लेखी आणि तोंडी. आमच्या कारखान्यात एप्रिलपासून फ्रान्सची माणसं मोठं मशीन बसवायला येणार आहेत, दोन-तीन वर्षं राहतील. त्यांना इथला एक दुभाषा हवा आहे. सर्टिफिकेट असेल तरच. मी बीएस्सी पहिल्याच वर्षी सोडली हे आईने तुम्हाला कळवलंच असेल. बाबांनी साफ सांगितलंय, "हे झालं तर ठीक. नाही तर उज्जैनला बाळूकाकाच्या पंपाच्या दुकानात बसायचं." दुकान चांगलं आहे, काका पण चांगला आहे, पण त्या स्टुलावर बसलं की समोर फक्त एक भिंत दिसते.

सरोजबाई म्हणतात, माझ्याकडे शब्द खूप, पण एका वाक्याला दुसऱ्याचा पत्ता नसतो. जोडणारे शब्द शिक म्हणाल्या, लिहिण्यातही आणि बोलण्यातही, परीक्षेत मार्क त्यालाच आहेत. आई म्हणाली, पुण्याची सुलभा शाळेत फ्रेंच शिकवते, तिला विचार. तर विचारतोय.

तुमचा,
उदय

—

पुणे
१५ ऑक्टोबर १९८१

चि. उदय,

तुझ्या नमस्काराला आशीर्वाद. तुझ्या पत्रातल्या प्रत्येक "मग"भोवती लाल पेन्सिलीने गोल केला. आता ते पत्र गोवर आल्यासारखं दिसतं.

सरोजबाईंचं बरोबर आहे. "मग"ने फक्त इतकंच कळतं की एक गोष्ट दुसरीच्या नंतर झाली. का झाली, तिच्यामुळे झाली की तिला न जुमानता झाली, हे वाचणाऱ्याने शोधत बसायचं. परीक्षक शोधत बसत नाही. तेव्हा सुरुवात क्रमाने कर: आधी "दाबोर", पुढे "आँस्विट", शेवटी "आँफँ". कारण सांगायचं तर "पार्स क". कारण समोरच्यालाही ठाऊक असेल तर "प्विस्क", "ज्याअर्थी" सारखं. निष्कर्षाला "दोंक". विरोध दाखवायला "मे" आहेच, पण लेखी पेपरात एकदा तरी "सपांदाँ" येऊ दे, तो इस्त्री केलेला "पण" आहे. बाजू मांडताना "एकीकडे" लिहिलंस तर "दुसरीकडे" लिहायलाच हवं, नाहीतर वाचणारा एका पायावर उभा राहतो.

तोंडी परीक्षेत यांचा आणखी एक उपयोग. वाक्य सुचत नसलं की जोडशब्द सावकाश म्हणावा. तेवढ्यात पुढचं सुचतं.

आता अभ्यास. एका दिवसाचं वर्णन लिहून पाठव. त्यात "मग"ला फ्रेंचमध्ये जो "प्वी" असतो तो एकदाही नको.

आणि एक. इतक्या लांबलचक पत्रात तू फ्रेंच का शिकतोयस हे कुठेच नाही. नोकरीसाठी म्हणशील, तर टायपिंगही होतं की. का, ते लिही.

इंदूला म्हणावं, तुझा मुलगा पाल्हाळिक आहे, पण कंटाळवाणा नाही.

सुलभामावशी

—

पिपलानी
२२ नोव्हेंबर १९८१

ती. मावशी,

अभ्यास सोबत जोडलाय. सायकलने भीमबेटकाला गेलो त्याचं वर्णन आहे. "प्वी" एकदाही नाही. मात्र तुम्ही दिलेले बाकीचे सगळे शब्द घातलेत, एकही सोडला नाही. सरोजबाई वाचून म्हणाल्या, "इतना नमक?"

पण खरी बातमी वेगळीच आहे. एक फ्रेंच माणूस आधीच आलाय! मस्यू गार्निए. मशीनच्या पायाची जागा बघायला. उंच, थोडा वाकलेला, हसला की खोकतो. कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये राहतो आणि पहिली शिफ्ट सुटायचा भोंगा झाला की फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर येतो. मी तिथे उभाच होतो. म्हणजे आठवडाभर उभा होतो. शेवटी "बाँजूर" म्हटलं, तर तो इतका खूश झाला की त्याने मला स्वतःच्या पैशाने पोहे खाऊ घातले. वरच्या शेवेसकट. टपरीवाला अस्सल भोपाळी ढंगात मला म्हणतो, "को खां, ये तुम्हारे मामा लगते हैं क्या?"

आता नवल ऐका. मी कान देऊन ऐकतोय आणि तुमच्या यादीतला एकही शब्द तो बोलत नाही! "सपांदाँ" नाही, "प्विस्क" नाही. तो प्रत्येक वाक्य "बाँ" नाहीतर "अलोर"ने सुरू करतो, म्हणजे आपलं "बरं" नाहीतर "तर मग". "आँफँ" म्हणतो, पण शेवट करायला नाही, स्वतःचंच बोलणं दुरुस्त करायला. "पोहे गोड आहेत, आँफँ, गोड नाही, थोडे गोड." आणि एक "काँ मॅम" आहे, तो कुठेही येतो. चहा गरम आहे, काँ मॅम. काल पायाचं काँक्रीट बघून मान हलवत नुसतंच म्हणाला, "काँ मॅम!" बस, इतकंच. आणि सगळे अभियंते पुन्हा मोजायला लागले.

तर मावशी, आपण शिकतोय ते कोण बोलतं? तिथलं कोणी बोलतं की फक्त परीक्षेतले लोक?

का शिकतोय ते पुढच्या पत्रात लिहितो. ते जरा लांब आहे.

उदय

—

पुणे
१ डिसेंबर १९८१

चि. उदय,

मराठी बोलताना तू "तथापि" म्हणतोस का? नाही. म्हणून मराठीच्या पेपरात "तथापि" लिहायचा नाही का? लेखी भाषा वेगळी, टपरीवरची वेगळी. तुझी परीक्षा टपरीवर नाही. वर्णन तपासलं. गुहेतल्या चित्रांवरून तू एकदम वाटेतल्या ढाब्यावरच्या मांजरीकडे का गेलास? मांजर छान आहे. पण तिला तिथे यायचं कारण नाही, आणि कारण नसताना तू तिच्याआधी "दोंक" लिहिलंस. जोडशब्द लावला म्हणून दोन गोष्टी जोडल्या जात नाहीत. आधी त्या तुझ्या डोक्यात जोडलेल्या हव्यात.

असो.

"काँ मॅम" तो वाक्याच्या शेवटीच म्हणतो का? मधे कधी? म्हणताना आवाज वर जातो की खाली येतो? राग असतो की कौतुक? आणि "बाँ" नंतर थांबतो की लगेच बोलतो? पुस्तकात "काँ मॅम"चा अर्थ "तरीसुद्धा" असा एकाच ओळीत दिलाय. काँक्रीटला तरीसुद्धा, हे मला नीटसं लागत नाही. जमेल तितकं ऐकून सविस्तर लिही. घाई नाही. पण लवकर लिही.

सुलभामावशी

—

पिपलानी
२४ जानेवारी १९८२

ती. मावशी,

पत्राला उशीर झाला, कारण (बघा, "कारण" लिहिलं) माझा सत्कार झाला.

म्हणजे असं झालं. आमच्या टाउनशिपच्या मराठी मंडळाचा संक्रांतीला तिळगूळ समारंभ असतो आणि त्यातच गुणगौरव. यंदा फर्स्टक्लासवाली दोन मुलं होती, त्यांच्या वडिलांच्या बदल्या झाल्या, एक गेलं झाशीला आणि एक हरिद्वारला. कार्यवाह श्रीकांतकाका आमच्या घरी आले आणि बाबांना म्हणाले,

"विश्वनाथराव, उदयचं फ्रेंच कुठवर आलं?"

"मार्चला परीक्षा आहे."

"मग सत्कार आत्ताच उरकून घेऊ."

बाबा म्हणाले, "अहो, पास तर होऊ दे!"

"होईलच हो. मार्चात हॉल सुरक्षा सप्ताहाला दिलाय. एप्रिलात मुलांच्या परीक्षा. मे-जूनला सगळे आपापल्या गावी. तोवर याचं फ्रेंच शिळं होईल. आणि गुणवंतच नसेल तर पत्रिकेवर गुणगौरव कसं छापायचं? छापून झाल्यात."

मला वाटलं बाबा नाही म्हणतील. ते माझ्याकडे बघत राहिले. मावशी, बाबांनी माझ्याकडे असं बघितल्याचं मला आठवत नाही. म्हणाले, "बघा बुवा, तुमचं मंडळ." म्हणजे हो.

तर स्टेजवर श्रीकांतकाका माइकमध्ये म्हणाले, "फ्रेंच भाषेत लवकरच उत्तीर्ण होणारे चिरंजीव उदय!" टाळ्या. शाल, नारळ. बाबांनी लग्नातला कोट घातला होता, बटण लागत नव्हतं. परतताना बसमध्ये जो भेटेल त्याला ते म्हणत होते, "फ्रेंच. हो, फ्रेंच. सोपं नाही ते."

तेव्हापासून मी गोत्यात आहे. शेजारच्या लीलावतीकाकू भाच्याने परदेशातून आणलेली क्रीमची ट्यूब घेऊन आल्या, "वाच रे, तोंडाला लावायची की पायाला?" मला वाचता येईना. मी म्हटलं, हाताला. त्या रोज हाताला लावतात आणि दारातून दाखवतात, "बघ, किती मऊ झाले!" बाजारात लोक "बाँजूर" म्हणून हाक मारतात. बाबा रोज मला ऐकू येईल इतक्या आवाजात आईला विचारतात, "आज अभ्यासाला बसला का?"

आता नापास झालो तर उज्जैन तर आहेच, पण वर बाबांचं काय? ते इतक्या लोकांना सांगून बसलेत. क्लासला जायची इच्छा होत नाही. एक जण अमरकंटकला चाललाय पायी, त्याच्याबरोबर निघून जावं असं वाटतं. काय करू?

"काँ मॅम"चं: शेवटी जास्त. आवाज खाली येतो. काँक्रीटच्या वेळी "हे तर अतीच झालं" अशा सुरात होता, पोह्यांच्या वेळी "काही म्हणा, पण छानच" अशा सुरात. "बाँ" नंतर तो थांबतो, कधीकधी इतका थांबतो की चहा निवतो.

उदय

—

पुणे
३० जानेवारी १९८२

उदय,

अमरकंटकला जाऊ नकोस. गेलास तर मला "काँ मॅम" कोण ऐकवणार?

हे गमतीने लिहिलेलं नाही. तू मला विचारलं होतंस, हे शब्द तिथलं कोणी बोलतं का. मी तुला "तथापि" ऐकवून गप्प केलं. खरं उत्तर असं की मला माहीत नाही. मी फ्रेंच शिकले ते पुस्तकांतून आणि एका ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून. त्यातला माणूस सगळं एकाच पट्टीत बोलतो आणि त्याला कधी खोकला येत नाही. प्रत्यक्ष फ्रेंच माणसाशी मी आजवर एक वाक्यही बोललेले नाही. आणि गेल्या जूनपासून शाळेत फ्रेंच बंद झालं, मुलं संस्कृत घेतात, मार्क जास्त पडतात. मी आता भूगोल शिकवते. तुझ्या आईला हे कळवलेलं नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा चार महिन्यांनी कुणीतरी मला फ्रेंचबद्दल काही विचारलं होतं. म्हणून आपला तोरा सांभाळला.

आता तुझं. सत्कार झाला तो झाला. तुझ्या बाबांना लोकांपुढे बोलायला काहीतरी मिळालं, ते तू काढून घेऊ नकोस. परीक्षेला बस. तोंडी परीक्षेसाठी एकच सांगते. जोडशब्द ऐकणाऱ्यासाठी असतो. आता वळणार आहोत, आता कारण सांगणार आहोत, आता संपवतोय, हे त्याला आधी कळलं की तो निवांत तुझ्याबरोबर चालतो. तू लोकांना न सांगता वळतोस, म्हणून ते थकतात.

आणि का शिकतोयस ते अजून आलेलं नाही. "पार्स क" लिहून पुढे काय येतं ते बघ. मार्कांसाठी नाही. मला जाणून घ्यायचंय.

सुलभामावशी

—

पिपलानी
२१ मार्च १९८२

ती. मावशी,

परीक्षा झाली. तोंडी आधी सांगतो.

दिल्लीहून एक फ्रेंच बाई आल्या होत्या, सर्दी झालेल्या, हातात रुमाल. म्हणाल्या, नुकत्याच झालेल्या एखाद्या समारंभाबद्दल सांगा. माझ्या डोक्यात एकच समारंभ! म्हटलं, "दाबोर, मी अजून पास झालेलो नाही. सपांदाँ, माझा सत्कार झालाय." बाईंनी रुमाल खाली ठेवला. मग हॉल का मिळत नव्हता ते "पार्स क"ने, पत्रिका आधीच छापल्या होत्या ते "प्विस्क"ने, बाबांचा कोट, लीलावतीकाकूंची ट्यूब. अडलो की "अलोर" म्हणून गार्निएसारखा थांबलो. त्या म्हणाल्या, आणि तुम्ही नापास झालात तर? मी म्हटलं, "शाल गरम आहे, काँ मॅम." आवाज खाली आणून. मावशी, त्या इतक्या हसल्या की बाहेर बसलेली मुलं घाबरली.

आता लेखी. विषय होता, कारखान्याच्या वसाहतीत राहण्याचे फायदे आणि तोटे. "एकीकडे" लिहिलं आणि फायद्याला आमचं फर्निचर घेतलं. इथे मशिनं ज्या लाकडी खोक्यांतून येतात ती खोकी लिलावात विकतात आणि सगळ्या टाउनशिपमध्ये त्याच फळ्यांचे पलंग, कपाटं, देव्हारे आहेत. आमच्या मसाल्याच्या कपाटावर आडव्या बाणाशेजारी मोठ्या काळ्या अक्षरात काहीतरी लिहिलंय. मी लहान असताना आईला विचारायचो, हे काय लिहिलंय? ती म्हणायची, हळद-तिखट लिहिलंय. शाळेत ABC शिकलो तेव्हा कळलं, अक्षरं तर ओळखीची आहेत पण शब्द कळत नाही. माझ्या पलंगाखालीही एक शब्द होता, तो मी उताणा पडून बोटाने गिरवायचो. पुष्कळ वर्षं. सरोजबाईंच्या क्लासच्या पहिल्या दिवशी फळ्यावर तो दिसला. "ओ" असा उच्चार, म्हणजे वर. ही बाजू वर ठेवा. मी तिथे खुर्चीत बसल्या बसल्या... काय सांगू.

म्हणून शिकतोय. तुम्ही विचारत होता ना. घरी बसून लिहिता येत नव्हतं. पेपरात "पार्स क" लिहिलं आणि ते धडाधड येत गेलं, दोन पानं, कुठे लिहितोय ते विसरलो. भान आलं तेव्हा बाई वह्या गोळा करत होत्या. "दुसरीकडे" राहूनच गेलं.

उदय

—

पुणे
२९ मार्च १९८२

चि. उदय,

म्हणजे परीक्षकाला एका पायावर उभं करून तू घरी आलास. आणि ते माझ्या प्रश्नामुळे.

निकाल काय लागायचा तो लागेल. पण लागला की आधी तू स्वतः बाबांना सांग, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. आणि मधेच चिमण्या बघायला जाऊ नकोस.

पलंगाखालचं तुझं उत्तर मी चारदा वाचलं. त्यात एकही "मग" जास्तीचा नाही.

सुलभामावशी

—

पिपलानी
२८ एप्रिल १९८२

ती. मावशी,

तोंडी पास, चांगल्या मार्कांनी. लेखी नापास. सर्टिफिकेट नाही. दुभाषा म्हणून दिल्लीहून एक गृहस्थ आलेत, सहा महिन्यांसाठी. लेखी पुन्हा देता येते, सप्टेंबरला.

निकाल सरोजबाईंकडे कळला. तिथून टेम्पो पकडून सरळ घरी निघालो, कुठेही उतरलो नाही. कॉलनीच्या तोंडाशीच श्रीकांतकाका भेटले. त्यांना म्हटलं, "काका, मी नापास झालो. शाल-नारळ परत करतो. म्हणजे नारळाची बर्फी झाली, शाल करतो." ते विचारात पडले. म्हणाले, "मंडळाच्या घटनेत सत्कार परत घ्यायची तरतूद नाही रे. तू असं कर, पास होऊन टाक. मंडळाला पुन्हा कार्यक्रम नको."

बाबा दुसऱ्या शिफ्टला जायच्या तयारीत होते, डबा भरलेला. मावशी, मी बोलायला लागलो की बाबा नेहमी उठून जातात. पाण्याची टाकी बघायला नाहीतर सायकल पुसायला. मी म्हटलं, "बाबा, आधी निकाल सांगतो, मग कारण, आणि शेवटी मला काय हवंय ते." ते सँडलचा पट्टा लावत होते, थांबले.

मी म्हटलं, "लेखीत नापास झालो. वेळ कमी पडला म्हणून नाही, मी एकाच मुद्द्यात रमलो म्हणून. तोंडीत मात्र मार्क चांगले आहेत, त्याअर्थी भाषा येतेय. त्यामुळे उज्जैनला मी आत्ता नाही जाणार. सप्टेंबरला पुन्हा बसणार. तरीही नाही झालं, तर दिवाळीच्या आधी स्वतः बॅग भरून काकाच्या दुकानात जाईन, तुम्हाला सांगावं लागणार नाही."

बाबांनी पट्टा लावून घेतला. आई दारात, हात पिठाचे.

"आणि?" बाबा म्हणाले.

"आणि काही नाही. झालं."

"झालं?"

"झालं."

"तुझं बोलणं संपतं हे मला आजच कळलं," बाबा म्हणाले. मग डबा उचलला. "बाळूला मी लिहितो. दिवाळीपर्यंत." फाटकापर्यंत गेले आणि परत आले. मला वाटलं विचार बदलला. म्हणाले, "शिफ्टमध्ये विचारतील सगळे. काय सांगायचं?"

मी म्हटलं, "तोंडी पास झाला म्हणा."

"ते तर सांगेनच. लेखीचं पण सांगतो. लपवायचं काय त्यात," असं म्हणून गेले. कोपऱ्यावर श्रीकांतकाकांनी त्यांना गाठलेलं इथून दिसलं. बाबा हातवारे करून काहीतरी समजावत होते, बराच वेळ.

मावशी, सप्टेंबरच्या लेखीला मला कुणीतरी समोर बसून "दुसरीकडे" लिहायला लावणारं हवं. तुमच्या शाळेला मे महिन्यात सुट्टी असते ना? गार्निएंना मी तुमच्याबद्दल सांगितलंय. ते म्हणाले, "आ, बाँ?" म्हणजे "हो का?" इथे "बाँ" शेवटी आला, आवाज वर.

उदय

—

पुणे
५ मे १९८२

चि. उदय,

मंगळवारच्या गाडीने निघते आहे. इंदूला म्हणावं, महिनाभर राहीन, आणि शाळेचं काय झालं ते मी स्वतः सांगेन. तू आधी सांगू नकोस.

रोज सकाळी एक निबंध, दोन्ही बाजूंचा, घड्याळ लावून. तो पुरा झाल्याशिवाय पोहे नाहीत.

गार्निएंना स्टेशनवर आणू नकोस. त्यांना म्हणायचं पहिलं वाक्य मी तीन दिवस तयार करते आहे. सुरुवातीला "सपांदाँ" घातलं होतं, ते काढलं. आता नुसतं "बाँ" म्हणून थांबावं असं वाटतं. पण थांबल्यावर पुढचं सुचलं नाही तर? तू जवळ उभा राहा. आणि माझं वाक्य संपेपर्यंत मधे बोलू नकोस.

सुलभामावशी